संतोषनगरला पाहुणे आले

चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागलं आणि जंगल सुरू व्हायला थोडं राहिलं की डाव्या हाताला आमचं संतोषनगर लागतं. कमानबिमान काही नाही. एक पानठेला, एक पिठाची चक्की आणि त्यामागे घरं. पूर्वी इथे धानाच्या बांध्या होत्या. त्या सपाट करून कोणीतरी लेआउट पाडला आणि ज्याला चंद्रपुरात घर परवडत नव्हतं नि गावात राहून पोट भरत नव्हतं, तो तो इथे आला. आम्ही त्र्याण्णव साली आलो.

इथलं घर एकदम बांधून होत नाही. आधी टिनाची एक खोली. बोनस मिळाला की स्लॅब. पुढे मुलं मोठी झाली की जिना. जिना आधी होतो, वरची खोली मागून. आमच्या गल्लीतले दोन-तीन जिने तर अजून आभाळातच जातात. पण भिंती स्वतःच्या आहेत, अंगणात पपई आहे आणि पहिल्या तारखेला कोणी घरमालक दाराशी येत नाही. मला विचाराल तर याहून मोठं सुख नाही.

फक्त दिवसा नगरात माणूस नसतो. सकाळी पहिल्या पाळीची बस पॉवर हाऊसकडे जाते, मग कोळसा खाणीची, मग कागद कारखान्याची, मग शाळा-ऑफिसवाले एसटीला लोंबकळत निघतात. दुपारी माझ्या शिलाई मशीनचा आवाज पार चक्कीपर्यंत ऐकू जातो. आम्हा बायकांना धड नावंसुद्धा नाहीत. ही फर्स्ट शिफ्टची वहिनी, ती कोळसावाल्यांची, मी पॉवर हाऊसच्या मुखरूची रंभा. संध्याकाळी बसगाड्या परत येतात, दारं उघडतात, कुकरच्या शिट्ट्या होतात आणि नगर पुन्हा बोलायला लागतं. मला हे सगळं मनापासून आवडतं. म्हणून कोणी आमच्या नगराला नावं ठेवली की माझं डोकं सटकतं. आणि नावं ठेवणारी परकी कोणी नव्हती, माझी थोरली जाऊ होती.

जाऊ म्हणजे देवकाबाई. सिंदेवाहीच्या पुढे आमचं सासरचं गाव आहे, तिथे ती आणि लटारू भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, शेती सांभाळून राहतात. बाई कामाला वाघीण. हाताला अशी चव की तिच्या हातचा नुसता भातही मीठ न लावता खावा. आणि जीभ मात्र विळ्यासारखी.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी नाटकं होतात. वडशाच्या कंपन्या येतात, पेंडाल पडतो, रात्रभर नाटक चालतं. पण खरी मजा पेंडालात नसते, घराघरांत असते. ज्या गावात नाटक, त्या गावच्या लेकी, जावई, मामे, मावश्या, सोयरे सगळे त्या दिवशी हजर. चूल थंड होत नाही. पोरींची स्थळं तिथेच जमतात, जुनी भांडणं तिथेच मिटतात आणि नवी तिथेच सुरू होतात. ज्या गावात नाटक नाही त्याला आमच्याकडे कोणी गाव म्हणत नाही.

आणि आमच्या नगरात नाटक नव्हतं. मोसम आला की नगरातला जो तो आपापल्या मूळ गावी. कोणी सिंदेवाहीकडे, कोणी चामोर्शीकडे, कोणी पार सिरोंच्याकडे. शनिवारी संध्याकाळी दाराला कुलूप लागलं की ते सोमवारीच निघायचं. दहा वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या पंगतीत जेवलो आणि आमच्या पंगतीला कोणी बसलं नाही.

देवकाबाई वाढताना नेमकी माझ्यासमोर थांबायची. "खाय वं रंभा, पोटभर खाय. तुमच्या नगरात कोण कोणाले वाढते!" एका वर्षी मी धीर करून म्हटलं, "बाई, एकदा या ना आमच्याकडे." तिनं पळी तशीच हातात धरली आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, "कायले? कुलपं पाहाले?"

पंगत हसली. माझा नवराही हसला. त्याच्याकडे मी घरी गेल्यावर पाहून घेतलं. पण तो घास माझ्या घशात अडकला तो अडकलाच. आमच्या वास्तूलाही ती आली नव्हती. दरवर्षी भासरेच आमच्या हिश्श्याचं तांदळाचं पोतं घेऊन एकटे यायचे, चहा घ्यायचे आणि पुढच्या बसनं जायचे. मला एवढंच हवं होतं, की देवकाबाईनं माझ्या घरी यावं, पाटावर बसावं, मी वाढावं आणि तिनं हात आडवा धरून पुरे म्हणावं. त्यासाठी मी काहीही केलं असतं.

दोन हजार तीनची दिवाळी झाली आणि मी खातूनच्या ओट्यावर जाऊन बसले. खातून आमच्या समोरची. तिचे मिस्टर कय्यूमभाई यांचं बिछायत केंद्र आहे, म्हणजे पेंडाल, सतरंज्या, खुर्च्या, स्वयंपाकाच्या मोठ्या डेगा, सगळं भाड्यानं देतात.

"खातून, आपल्या इथी नाटक काऊन होत नाई?" मी विचारलं.

खातून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "होईन ना. कोणी म्हटलंच नाई आतापर्यंत."

आमचं बोलणं ऐकून कय्यूमभाई आतून बाहेर आले. "दुनियेच्या गावात पेंडाल टाकून टाकून कंबर गेली माही. आपल्या घरासमोर टाकाले भेटला तं मी भाडं घेईन का?" कय्यूमभाईंनी शब्द दिला म्हणजे अर्धं नाटक उभं राहिलं.

उरलेल्या अर्ध्यासाठी सुकलूभाऊंना पटवायचं होतं. सुकलूभाऊ नगराच्या समितीचे अध्यक्ष, कागद कारखान्यात सुपरवायझर. कोणत्याही कामाला आधी नाही म्हणायचं आणि मग विचार करायचा ही त्यांची रीत. बैठक नगराच्या गार्डनमध्ये झाली. गार्डन फक्त लेआउटच्या नकाशात. प्रत्यक्षात बेशरमाची झुडपं आणि एक वाकलेला झोपाळा. सुकलूभाऊ म्हणाले, "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. आपण घर बांधूनच वाकून गेलो. आता काय नाटक पाहावं आणून?"

"आणूनच पाहावं," मी म्हटलं. "नाई तं जन्मभर दुसऱ्याच्या पत्रावळीवर बसा."

बायका हसल्या, माणसं चिडली, आणि चिडलेली माणसं लवकर हो म्हणतात. संक्रांतीनंतरचा शनिवार ठरला.

मग पाहुणे किती येतील त्याचा अंदाज काढायला बसलो. तिथेच आम्ही फसलो, आणि ती चूक आमच्यासारख्या नगरातलीच माणसं करू शकतात. प्रत्येकानं आपापल्या गावाचं माप लावलं. गावात एवढी घरं असली की नाटकाला एवढे पाहुणे येतात, तर आपल्या घरांना इतके येतील. त्यातूनही सुकलूभाऊंनी निम्मे कापले. "नगराले कोण येते?" ते म्हणाले. कोणी वाद घातला नाही, कारण आतून सगळ्यांना तीच धास्ती होती.

त्या धास्तीपायी प्रत्येक घरानं गुपचूप आणखी एक उद्योग केला. निम्मे येणारच नाहीत असं धरून सगळ्यांनी दुप्पट माणसं बोलावली. माहेर, सासर, मावससासरे, पाळीतले जोडीदार, कोणाला सोडलं नाही. मुखरूनं तर आपल्या पाळीच्या बसच्या ड्रायव्हरला सहकुटुंब आमंत्रण दिलं. मीही काही कमी नव्हते. पोस्टकार्डं टाकली, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडले आणि देवकाबाईला बोलवायला स्वतः एसटीनं गेले.

ती अंगणात धान पाखडत होती. "नगरात नाटक?" सूप खाली ठेवून ती मनमुराद हसली. "येईन, येईन. पण नाटक पाहाले नाई वं. तुमचा रिकामा पेंडाल पाहाले येईन."

"या तं खरं," मी म्हटलं, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

शनिवार उजाडला. कय्यूमभाईंनी गार्डनमधली बेशरम मुळासकट काढून तिथे पेंडाल टाकला होता. लाल-पिवळा, चारी बाजूंनी झालर, असा की रस्त्यावरचे ट्रकवाले मान वळवून पाहत होते. वडशाची कंपनी येऊन पोहोचली. नाटकाचं नाव 'कुंकवानं मागितला जाब'. माइकवाला सकाळपासून "हॅलो, हॅलो" करत होता आणि ते हॅलो समोरच्या जंगलावर आपटून आमच्याकडेच परत येत होतं.

दुपार झाली तरी चिटपाखरू नाही. मुखरू पहिल्या पाळीला गेला होता, निम्मं नगर कामावर होतं. मी कोंबडीचा रस्सा, पाटोड्या आणि भात करून ठेवला. झाडलेलं घर पुन्हा झाडलं. पेंडालात नव्याकोऱ्या सतरंजीवर कुत्री झोपली होती, त्यांना हाकलायचंही कोणाच्या मनात येईना. सुकलूभाऊ माझ्या दारावरून गेले आणि माझ्याकडे पाहून पुढे झाले. माझ्या डोळ्यांसमोर देवकाबाई हसत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तेवढ्यात सिंदेवाहीकडची बस आली.

आमच्या नगराला एसटीचा थांबा नाही. कंडक्टरच्या विनवण्या करून उतरावं लागतं आणि तोही उपकार केल्यासारखी बेल मारतो. ती बस मात्र पानठेल्यासमोर नीट थांबली. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. बायका, लेकरं, पिशव्या, गाठोडी, कोणाच्या काखेत कोंबडी. शेवटी कंडक्टर स्वतः खाली उतरला आणि आपल्या रिकाम्या बसकडे पाहत म्हणाला, "मूलपासून एकाच जागेचं तिकीट फाडून राह्यलो. हे संतोषनगर हाय तरी काय बाप्पा?"

"नाटक हाय आमच्या इथी!" मी रस्त्यातूनच ओरडले. ते म्हणताना माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर मला श्वास घ्यायला फुरसत झाली नाही. गडचिरोलीची बस आली. चामोर्शीहून जीप आल्या, आत जितके तितकेच बाहेर लटकलेले. मूलकडून कोणाचा तरी ट्रॅक्टर ट्रॉलीभर माणसं घेऊन आला. ज्या गल्लीत दुपारी माझ्या मशीनशिवाय आवाज नसायचा तिथे चालायला वाट उरली नाही. रात्रपाळी करून झोपलेली माणसं डोळे चोळत उठली तर त्यांच्या उशाशी मेव्हणे बसलेले. माझ्याकडे दोन्ही मामा आले, मावशीचा अख्खा गोतावळा आला, ज्यांना नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं तेही आले.

दिवस कलायच्या आत आमची चूक सगळ्या नगराच्या लक्षात आली. गावात एक पाहुणा दहा घरांचा असतो. एकाचा मामेभाऊ, तोच शेजारच्याचा जावई, पलीकडच्याचा साडू. तो एका घरी चहा घेतो, दुसरीकडे जेवतो, तिसरीकडे आडवा होतो. मोजताना दहा घरी धरला जातो, पण जेवतो एकदाच. आमच्या नगरात कोणी कोणाचं नात्याचं नाही. जितकी घरं तितकी मूळ गावं. प्रत्येक घराचे पाहुणे निराळे आणि सगळे जेवायला आपल्याच माणसाच्या दारात. दोन जिल्ह्यांतलं असं गाव उरलं नसेल जिथून त्या दिवशी आमच्याकडे कोणी आलं नाही.

मुखरू पाळीवरून परतला तेव्हा अंगणात माझ्या मावशीकडची मंडळी जेवत होती. त्यातल्या कोणी त्याला लग्नानंतर पाहिलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं सरकून जागा दिली, दुसऱ्यानं हातात पाण्याचा लोटा दिला आणि हात धुऊन बसायला सांगितलं. मुखरू बसला. पोटभर जेवला, दोनदा रस्सा मागून घेतला. मागल्या दारी हात धुवायला आला तेव्हा मला म्हणतो, "चांगला पाहुणचार करून राह्यले हे लोक." मी त्याच्या हातात बादली कोंबली आणि पाण्याला पिटाळला.

दिवेलागणीला देवकाबाई आली. मागे भासरे, खांद्यावर आमचं तांदळाचं वर्षाचं पोतं. तिच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी होती. "तुमच्या इथी खायाले काय भेटन, म्हणून भाकरी बांधून आणल्या," असं ती म्हणणार होती. तिनंच पुढे कबूल केलं. पण गल्लीच्या तोंडाशी येऊन ती थांबली ती थांबलीच. कय्यूमभाईंनी घराघरांवर माळा लावल्या होत्या. ओट्यांवर माणसं, अंगणात माणसं, आभाळात जाणाऱ्या जिन्यांवर पायरीपायरीला ताट घेऊन माणसं. सुकलूभाऊ माइकवरून कोणाचं तरी हरवलेलं लेकरू पुकारत होते.

"हे सगळे कोणाचे वं?" तिनं विचारलं.

"आमचे," मी म्हटलं. दहा वर्षांचा उधार शब्द होता तो, फेडून टाकला.

पण माझा दिमाख दारापर्यंतच टिकला. तिच्यासाठी मी नवा पाट करून घेतला होता. त्यावर खातूनच्या बहिणीची तीन लेकरं दाटीवाटीनं बसून रस्सा ओरपत होती. चामोर्शीहून आलेली पोरं, समोरच्या घरात जागा नाही म्हणून इकडे आलेली. खुर्च्या गेल्या, खाट गेली. शेवटी मी जाऊबाईला मशीनच्या स्टुलावर बसवलं. तिची शिदोरी कोणीतरी हातातून घेतली आणि ती उघडून लेकरांना वाटूनही झाली. देवकाबाई नुसती इकडेतिकडे पाहत राहिली.

"बसा बाई, तुमचं ताट आणतो," म्हणून मी आत गेले, भाताच्या पातेल्यात झारा घातला आणि तो खणकन बुडाला लागला.

रश्श्याचं भांडं पाहिलं, तेही तळाला. बाहेर तर अजून माणसं येतच होती. पाळीच्या बसचा ड्रायव्हर बायको, आई आणि लेकरं घेऊन त्याच वेळी फाटकात शिरत होता. मी घराच्या कडेनं गल्लीत डोकावले. समोरून खातून रिकामं पातेलं घेऊन बाहेर आली होती, पलीकडून फर्स्ट शिफ्टची वहिनी. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. कोणाकडेच काही उरलं नव्हतं आणि निम्मे पाहुणे जेवायचे होते.

पाहुणे आले नसते तर चार दिवस हसं झालं असतं. पण आमच्याकडे नाटकाच्या दिवशी ज्याच्या दारातून पाहुणा उपाशी गेला, त्याची गोष्ट त्याच्या नातवंडांना ऐकवतात. मी चुलीपाशी बसले आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागले. मान वर केली तर दारात देवकाबाई उभी. तिची नजर रिकाम्या पातेल्यावर होती.

आता मी तिच्या तावडीत पुरती सापडले होते. एक शब्द बोलली असती तरी तो जन्मभर पुरला असता.

"बाहेर किती माणूस हाय?" तिनं विचारलं.

"काय माहीत बाई. आपल्याच दारात चाळीस-पन्नास असन. अख्ख्या गल्लीत हेच होऊन राह्यलं."

"रडणं झालं का?"

"नाई."

"मंग उरलेलं उद्या रडजो." तिनं पदर कमरेला खोचला आणि अंगणाकडे तोंड करून आवाज दिला, "अवो, पोतं सोडा ते!"

भासरे गडबडले. "हे तं मुखरूचं वर्षाचं..."

"सोडा म्हटलं ना. माणसं उभी हायेत अंगणात!"

गल्लीच्या मधोमध दगड मांडून चुली झाल्या. जळणाला बांधकामाच्या फळ्या आल्या, कारण आमच्या नगरात कोणाचा ना कोणाचा स्लॅब अर्धा असतोच. खातूननं आणि तिच्या बहिणीनं घरातली सगळ्यात मोठी डेग लोटत आणली. देवकाबाईनं डेगेकडे पाहिलं, मग खातूनकडे पाहिलं. गावी ती परक्याच्या विहिरीचं पाणी पीत नाही, मला ठाऊक होतं. माझा जीव टांगणीला लागला.

"घासली हाय ना?" ती म्हणाली.

"तोंड पाहा त्यात," खातून म्हणाली.

"तं चढव मंग."

भाताचं झालं, पण कालवणाचं काय? देवकाबाईनं गल्लीला हुकूम सोडला, ज्याच्या घरी जे असेल ते घेऊन या. वांगी आली, टमाटे आले, वालाच्या शेंगा, बटाटे, अर्धा कोबी, कोणाकडून नुसतं डब्याभर बेसन. सिरोंच्याकडची एक शेजारीण चिंचेचा कोळ घेऊन आली. कशात घालायचा हे न विचारता तो घातला. दुसऱ्या डेगेत सगळं एकत्र रटरटायला लागलं. ज्या बायकांना मी दहा वर्षांत धड नावानं ओळखत नव्हते त्यांना देवकाबाई अर्ध्या तासात लेकी-सुनांसारखी राबवत होती. "तू वं, निळ्या लुगड्याची, मिरची घाल. हात कायले आखडून राह्यली?" आणि निळ्या लुगड्याची मुकाट्यानं मिरची घालत होती.

सुकलूभाऊंच्या अंगातही काय संचारलं कोण जाणे. माइकवरून त्यांचा आवाज आला, "पाहुणे मंडळींनो, जेवण झाल्याशिवाय पडदा उघडणार नाही. कोणाच्याही दारात बसा, सगळी घरं आपलीच आहेत." कंपनीच्या मॅनेजरनं आधी कुरकुर केली. मग भाजीचा वास स्टेजपर्यंत गेला आणि खलनायक मिशी सांभाळत, नायिका अर्ध्या मेकअपमध्ये, सगळी कंपनीच गल्लीत पंगतीला येऊन बसली. नाटक पुढे पहाटेपर्यंत रंगलं म्हणतात. मी त्यातला एक प्रवेशही पाहिला नाही आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

पंगत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कोणाचा पाहुणा कोणाच्या दारात बसलाय, कोणाला कळत नव्हतं. भात मोकळा, पांढराशुभ्र, आमच्याच बांधीतला. देवकाबाई पुढे भात वाढत होती, मी तिच्यामागून कालवणाची बादली घेऊन चालले होते. तिच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

खातूनच्या बहिणीला तिची दया आली. तिला कोण कोणाचं काही ठाऊक नव्हतं. ती पंगतीतून म्हणाली, "बाई, तुम्ही बी पाहुण्याच ना आमच्यासारख्या? बसा ना मंग. किती वाढान?"

देवकाबाई ताठ उभी राहिली.

"पाहुणी? मी?" तिचा आवाज असा चढला की आजूबाजूच्या दहा पानांवरचे हात थांबले. "मी कायची पाहुणी वं? घरची आहो मी. हे माह्या देराचं घर हाय, ही माही जाऊ हाय, आन् हे आमचं संतोषनगर हाय. भात देऊ का अजून?"

मला पुढचं काही दिसेना. बादली तिथेच ठेवावी आणि तिच्या गळ्यात पडावं असं वाटलं. पण ती दोन पानं पुढे गेलीसुद्धा होती.

"रंभे!" तिथूनच ती ओरडली. "बादली घेऊन उभी काय राह्यली? आपले पाहुणे कोरडा भात खाऊन राह्यले!"

मी डोळे पुसले आणि बादली घेऊन धावले.